पाणी कोणाचे?

साळवीकाकूंनी आयुष्यात कधी नखे रंगवली नाहीत. तरीही त्यांच्या घरात लाल नेलपॉलिशची एक बाटली कायम असे, आणि ती संपली की दुसरी येई. ती दत्ताराम साळवींची होती. मिक्सर, इस्त्री, पंखा यांपैकी काही दुरुस्तीला बाहेर द्यायचे झाले, तर साळवी आधी ते स्वतः उघडत, आतल्या प्रत्येक सुट्या भागावर लाल ठिपका देत, ठिपका वाळेपर्यंत थांबत आणि मग झाकण लावून वस्तू दुकानात नेत. परत घेताना दुकानाच्या काउंटरवरच पुन्हा झाकण उघडून ठिपके मोजत. चांगला भाग काढून जुना घातला जातो, अशी त्यांची खात्री होती.

एकदा मिक्सरच्या मोटरवरचा ठिपका सापडला नाही. दुकानदाराने सांगितले की मोटर तेलकट झाली होती, म्हणून थिनरने पुसली. त्यात रंग गेला. पुरावा म्हणून त्याने लाल झालेला बोळाही कचऱ्याच्या डब्यातून काढून दाखवला. साळवींनी तो बोळा उजेडात धरून पाहिला.

"पण पुसायला कोणी सांगितलेलं?" ते म्हणाले.

हा प्रसंग मी स्वतः पाहिला आहे. साळवींबद्दल सोसायटीत इतक्या गोष्टी सांगितल्या जात की पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे ठेवावे लागते.

डोंबिवली पूर्वेला, ठाकुर्लीच्या बाजूला, तीन मजल्यांची, दोन विंगांची आणि लिफ्ट नसलेली आमची इमारत. बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर साळवींचे आणि माझे दार समोरासमोर होते. सहा वर्षे. साळवी एका रसायनांच्या कारखान्यात देखभाल विभागात फिटर होते आणि मी राहायला गेलो तेव्हा निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षे झाली होती. उंची बेताची, मनगटे जाड, शर्टाच्या खिशात पेनऐवजी टेस्टर. मी वर्तमानपत्रात काम करतो हे कळल्यापासून त्यांनी मला नावाने हाक मारली नाही. "पेपरवाले" म्हणत. त्यात आदर किती आणि संशय किती, हे मला शेवटपर्यंत ठरवता आले नाही.

कारागिरांवर इतका अविश्वास का, असे मी त्यांना एकदा विचारले होते. कंपनीत काही अनुभव आला होता का?

"अनुभव कसला? तीस वर्षं पाइपांत काढली. पाइपाला तोंड नसतं. कुठे गळतोय ते सांगत नाय. माणसाला तोंड असतं, तोपण सांगत नाय."

त्यामुळे घरातले सगळे ते स्वतः करत. ओट्याखालचे कप्पे, माळ्याची दारे, विजेची बटणे, फरशी, रंग. काम भक्कम असे आणि दिसायला वाईट असे. जिथे दोन बिजागऱ्या पुरतात तिथे चार. बाथरूमचे दार लावताना त्यांनी इतके स्क्रू वापरले होते की भोके पाडून लाकूडच कमी राहिले असावे. काकू या बाबतीत एकच वाक्य बोलत, आणि ते पाहुण्यांसमोर बोलत: "आमच्याकडे काही मोडतच नाही हो. मोडलं असतं तर नवीन आलं असतं."

कुठलीही नवी गोष्ट पाहिली की साळवींचा पहिला प्रश्न ठरलेला असे: "कोणी केलंय?" दुसऱ्याच्या घरी गेले की बसायच्या आधी बोटाच्या पेराने फरशी वाजवून बघत. खाली पोकळ असेल तर आवाज वेगळा येतो. दिवा स्टेशनजवळ त्यांच्या पुतण्याने नवा फ्लॅट घेतला, तिथे सत्यनारायणाच्या पूजेला ते गेले. भटजींची कथा चालू असताना ते भिंतीकडेने वाकून वाकून फिरत राहिले आणि आरतीच्या आधी पुतण्याला म्हणाले, "चौदा पोकळ आहेत. प्रसादानंतर सांगणार होतो, पण तुझा बिल्डर आलाय, तो निघून जाईल." हे मी ऐकलेले आहे, काकूंकडून. त्या पुतण्याने नंतर वर्षभर फोन केला नाही, हेही त्यांनीच सांगितले.

साळवींचा संशय नेहमीच चुकीचा ठरत असता, तर सोसायटीने त्यांना हसून सोडून दिले असते. तसे नव्हते. एका उन्हाळ्यात बी विंगला पाणी कमी येऊ लागले. दोन्ही विंगांना गच्चीवरच्या एकाच टाकीतून पाणी, तरी ए विंगमध्ये बादल्या भरून वाहत आणि आमच्याकडे नळ खोकत. साळवींनी ए विंगमधल्या सगळ्या घरांवर संशय घेतला. मग बांबूच्या काठीवर चाकूने खुणा केल्या आणि रोज सकाळी गच्चीवर बसून टाकीत काठी बुडवू लागले. ए विंगमधले सेक्रेटरी वर येऊन म्हणाले, "साळवी, कोण चोरणार आहे पाणी? गच्चीला कुलूप असतं."

"किल्ली कोणाकडे असते?"

"वॉचमनकडे."

"मग झालं तर."

चौथ्या दिवशी उलगडा झाला. वॉचमन आधी ए विंगचा कॉक उघडे. त्याच वेळी सेक्रेटरींच्या घरातून त्याला चहा मिळे. चहा पिऊन तो पुन्हा वर येई आणि मग बी विंगचा कॉक उघडे. तोवर टाकी निम्मी झालेली असे. चोर कोणीच नव्हता. दुसऱ्या दिवसापासून साळवीकाकू वॉचमनला चहा देऊ लागल्या, तेही गच्चीवर, आणि पाणी सुरळीत झाले. पण साळवींचे म्हणणे असे की सेक्रेटरी चहा मुद्दाम देत होते.

त्यानंतर गळतीच्या तक्रारी त्यांच्याकडे येऊ लागल्या. एका घराचे पाणी खालच्या घरात उतरले, तर ते त्या दोन घरांनी आपसात मिटवायचे असा सोसायट्यांचा रिवाज आहे, आणि वरचा माणूस कधीच कबूल होत नाही हाही रिवाजच. साळवींनी त्यावर निळीची पद्धत बसवली. कपड्यांना घालायची नीळ बादलीत कालवायची, वरच्या बाथरूमची मोरी फडक्याने बुजवायची, निळे पाणी ओतून चोवीस तास ठेवायचे. खाली निळा डाग उतरला की वरच्याचा गुन्हा शाबीत. ए विंगमध्ये पहिल्याच प्रयोगात निळे थेंब उतरले. ते खालच्या घरातल्या पांढऱ्या पडद्यावर उतरले, आणि नवा पडदा कोणी आणायचा यावरून दोन्ही घरांत नवे भांडण झाले. साळवी त्यात पडले नाहीत. त्यांचे काम पाणी कोणाचे हे सांगण्यापुरते होते.

गायकवाडबाईंचे प्रकरण याच्या पुढच्या वर्षातले.

गायकवाडबाई साळवींच्या बरोबर खाली, दुसऱ्या मजल्यावर राहत. पालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या. निवृत्त झाल्या, यजमान गेले, मुलगा प्रशांत टिटवाळ्याला नव्या इमारतीत राहायला गेला. बाई इथे एकट्या राहिल्या. झोपण्याच्या खोलीत एका भिंतीला पुस्तकांचे कपाट, दुसऱ्या भिंतीला पलंग. मार्चमध्ये पलंगाच्या वर छताला एक ओला डाग आला आणि पंधरा दिवसांत त्यातून थेंब पडू लागले. बाई जिना चढून आल्या. माझे दार उघडे होते.

"साळवीभाऊ, माझ्या खोलीत वरून पाणी येतंय."

"वरून म्हणजे माझ्याकडून, असं म्हणायचंय?"

"वर तुम्हीच राहता."

"वर गच्चीपण आहे. बाहेरची भिंतपण आहे. तुमची स्वतःची लाइनपण असेल."

"माझी लाइन छतात कशाला असेल?"

"कशावरून नाय? बिल्डिंग बांधताना तुम्ही उभ्या होतात?"

साळवींनी स्वतःच निळीचा प्रयोग जाहीर केला आणि साक्षीला सेक्रेटरींना बोलावले. त्यांच्या बाथरूममध्ये घोट्यापर्यंत निळे पाणी एक दिवस आणि एक रात्र उभे राहिले. खाली बाईंच्या पलंगावर ठेवलेल्या पातेल्यात थेंब पडत राहिले. पण ते स्वच्छ होते. साळवींनी पातेले खिडकीशी नेऊन सगळ्यांना दाखवले आणि सोसायटीच्या वहीत तसे लिहून घेतले: साळवी यांच्या बाथरूममधून गळती नाही.

त्या दिवशी भोईर नावाचा प्लंबरही तिथे होता. जवळच्याच गावातला, पन्नाशीचा माणूस. बाईंनी बोलावला होता. त्याने सगळे होईपर्यंत वाट पाहिली आणि म्हणाला, "काका, नीळ जमिनीवरचा पानी दाखवते. भित्तीतली लायन फुटली आसंल तं तो पानी निळा कसा येल?"

"भिंतीतली लाइन मी टाकलेय."

"म्हनूनशी बोलतंय, ती पन बगू."

"म्हणून म्हणजे?"

भोईरने पिशवी उचलली. काकूंनी चहा ठेवला होता. तो न पिताच गेला.

ही लाइन, म्हणजे गिझरकडून येणाऱ्या गरम पाण्याची नळी, साळवींनी चार वर्षांपूर्वी बाथरूम स्वतः नव्याने केले तेव्हा टाकली होती. तेव्हा मी ते काम पाहिले होते. कोणाला मदतीला घेतले नव्हते.

सोसायटीने बाहेरच्या भिंतीला गिलावा केला. गच्चीवर एक थर चढवला. थेंब थांबले नाहीत. मे महिन्याच्या कोरड्या उन्हातही नाहीत. आता पाण्याला कारण उरले नव्हते, आणि ज्या गोष्टीला कारण नाही तिच्यामागे माणूस असतो, हे साळवींचे मत होते. त्यांचा संशय बाईंवर गेला.

"लिहून ठेवा पेपरवाले," एके दिवशी ते मला म्हणाले. "बाईंना घर विकायचंय. मुलगा टिटवाळ्याला नेतोय."

"विकायचं घर कोणी गळकं दाखवेल का?"

"तेच तर," ते म्हणाले. "त्यातच काहीतरी आहे."

ते जिना उतरताना दुसऱ्या मजल्यावर रेंगाळू लागले. बाईंच्या दाराजवळ उभे राहून आत पाणी ओतल्याचा आवाज येतो का, हे ऐकत. मी हे दोनदा पाहिले. तिसऱ्यांदा दार उघडले.

"साळवीभाऊ, बाहेरून नीट ऐकू येणार नाही," बाई म्हणाल्या. "आत येऊन बसा."

साळवी भाजी आणायला निघाल्याचे सांगून खाली गेले. हातात पिशवी नव्हती.

खरी परिस्थिती उलटी होती, आणि ती मला जूनमध्ये कळली. छताच्या गिलाव्याचा ताटाएवढा तुकडा बाईंच्या पलंगावर, उशीच्या जागी पडला. सकाळची वेळ होती, बाई स्वयंपाकघरात होत्या. कपाट हलवायला त्यांनी मला बोलावले. प्रशांत टिटवाळ्याहून आला होता. छताच्या गंजलेल्या सळ्या दिसत होत्या.

"आई, हे घर संपलंय," तो म्हणाला. "दिवाळीपर्यंत बघतो. मग मी काही ऐकणार नाही, तुला घेऊन जाणार."

"तुझ्याकडे मी पाहुणी रे."

"पाहुणी काय? स्वतःची खोली आहे तुला तिकडे."

"ती तू दिलेली. ही माझी आहे."

प्रशांतने छताकडे बोट दाखवले. घर बाईंनी नोकरीत असताना घेतले होते आणि सोडायचे नव्हते. पण ज्या खोलीत झोपता येत नाही ती राखण्याचा आग्रह किती दिवस धरणार, हेही त्यांना कळत होते. कपाट आम्ही बाहेरच्या खोलीत नेले, पलंग खोलून ठेवला. बाई त्या कपाटाच्या आणि दाराच्या मधल्या जागेत गादी घालून झोपू लागल्या.

गणपतीला साळवी दरवर्षी रत्नागिरीकडे गावी जात. जायच्या आधी त्यांची एक तास तयारी चाले. फ्यूज काढून खिशात घालत. गॅसची नळी सोडवत. दाराला तीन कड्या, तीन कुलपे. शेवटी गच्चीवर जाऊन आपल्या घराला येणाऱ्या पाण्याचा कॉक बंद करत आणि त्यावर तार गुंडाळून तिला आपल्या पद्धतीचा पीळ देत. परत आल्यावर पीळ तसाच आहे का ते पाहत. आपण नसताना आपल्या घरात पाणीही येऊ नये, असा त्यामागचा विचार.

त्या वर्षी ते आठ दिवस गेले. त्यांतले पाच दिवस जोराचा पाऊस होता. ते परत आल्यानंतर तीन-चार दिवसांनी बाईंनी मला घरी बोलावून एक वही दाखवली. शाळेतल्या हजेरीसारखे रकाने आखले होते. एका रकान्यात वार, एका रकान्यात पाऊस होता की नव्हता, एका रकान्यात तासाला थेंब किती. साळवी गेले त्या दिवशी चाळीस. दुसऱ्या दिवशी अकरा. तिसऱ्या दिवसापासून शून्य, आणि बाहेर पाऊस. शेवटच्या दिवशी बाईंच्या अक्षरात लिहिले होते: डागाची कड पांढरी पडली. साळवी परतले त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा सव्वीस.

"सेक्रेटरींना दाखवा," मी म्हटले.

"आधी त्यांना विचारते. वर्गातसुद्धा आधी पोराला विचारायचं असतं, मग हेडमास्तरांकडे."

त्या वर आल्या. साळवींनी साखळी न काढता दार उघडले.

"साळवीभाऊ, पुन्हा गावाला कधी जाताय?"

"का? माझ्या जाण्याशी तुमचं काय काम?"

"तुम्ही नसलात की माझं छत सुकतं."

त्यांनी वही दाराच्या फटीतून आत दिली. साळवी उभ्यानेच वाचू लागले. पान उलटले, पुन्हा मागे आले. त्यांना चूक हवी होती हे दिसत होते.

"हा शनिवार. शनिवारी पाऊस होता?"

"होता. शेजारी लिहिलंय."

"थेंब कोणी मोजले?"

"मी. घड्याळ लावून."

साळवींनी साखळी काढली, वही बाईंच्या हातात दिली आणि दार लावून घेतले. वीस मिनिटांनी त्यांच्या बाथरूममधून छिन्नी-हातोड्याचा आवाज सुरू झाला.

तो दोन दिवस चालला. ते एकटेच फोडत होते. काकू आंघोळीला कुठे जाणार असा प्रश्न आला, तेव्हा त्या टॉवेल घेऊन सरळ खाली गायकवाडबाईंकडे गेल्या आणि दोन्ही दिवस तिथेच गेल्या. माझे घर समोर होते, तरी.

दुसऱ्या दिवशी दुपारी साळवींनी मला हाक मारली. "पेपरवाले, जरा टॉर्च धरा."

भिंतीतली नळी उघडी पडली होती. गिझरच्या नळीचे वळण जिथे जोडले होते तिथे प्लॅस्टिकच्या तुकड्यावर केसाएवढी चीर होती. गिझरचा कॉक उघडला की चिरेतून पाणी दोऱ्यासारखे बाहेर येई आणि भिंतीच्या आत उतरून खाली बाईंच्या खोलीच्या छतात जाई. कॉक बंद केला की चीर दिसतही नसे.

साळवींनी नळी कापून तो तुकडा बाहेर काढला आणि आटे निरखले. त्यात सुतळी भरलेली होती. लोखंडी पाइपाचे आटे घट्ट बसावेत म्हणून फिटर सुतळी गुंडाळतात. कारखान्यात त्यांनी आयुष्यभर तेच केले होते. प्लॅस्टिकला पातळ टेप लागतो, आणि हाताने आवळून वर थोडासाच पाना.

"दुकानदाराने टेप दिलेला," ते म्हणाले. "कागदासारखा पातळ. म्हटलं, हा काय पाणी धरणार? म्हणून सुतळी घातली. प्लॅस्टिकचापण भरवसा नव्हता, म्हणून पान्याने अर्धा आटा जास्त दिला." ते थांबले. "त्या अर्ध्या आट्याने फुटलं. तेव्हा नाय फुटलं. हळूहळू."

काकू बाथरूमच्या दारात येऊन उभ्या होत्या. "कोणी केलंय, विचारलंत का?" त्या म्हणाल्या.

साळवी आट्यांतली सुतळी नखाने काढत राहिले.

ही गोष्ट त्या घडीला आम्हा तिघांनाच माहीत होती. नवा तुकडा घालून भिंत बुजवली असती, तर छत आपोआप सुकले असते आणि सोसायटीच्या वहीतली नोंद खरी राहिली असती. बाहेरच्या भिंतीच्या गिलाव्याचा गुण उशिरा आला, असे म्हणता आले असते. साळवींच्या हे मनात आले होते, कारण ते स्वतःच म्हणाले, "बुजवून टाकलं तर कोणाला काय कळतंय." ते कोणाला उद्देशून म्हणाले, हे मला सांगता येत नाही. मी टॉर्च बंद करून घरी आलो.

रविवारी प्रशांत रिकामी खोकी घेऊन आला. दिवाळीपर्यंत थांबायला तो तयार नव्हता. पुस्तके आधी हलवू म्हणाला. सेक्रेटरीही आले होते, कारण सामान नेताना सोसायटीला कळवावे लागते. मी कपाट रिकामे करायला होतो. साळवी दारात आले. त्यांच्या हातात तो प्लॅस्टिकचा तुकडा होता.

"खोकी भरू नका," ते म्हणाले. "पाणी माझं होतं."

त्यांनी तुकडा टेबलावर ठेवला.

"जोड मी केलेला. मीच चुकवलेला. बाईंच्या घरात दोष नाय."

"सहा महिने, काका," प्रशांत म्हणाला. "सहा महिने माझी आई पातेलं ठेवून झोपली."

"हो."

"उशीवर गिलावा पडला. ती तिथे असती तर?"

"हो."

"आणि तुम्ही दाराला कान लावून उभे राहायचात. तिने सांगितलंय मला."

"राहायचो."

"मग आता काय? सॉरी म्हणायला आलात?"

"प्रशांत, बस खाली," बाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा लावून तो तुकडा हातात घेतला, चीर पाहिली आणि साळवींना विचारले, "आता नवीन जोड कोण करणार?"

सेक्रेटरी खिडकीबाहेर पाहू लागले.

"तुम्हीच करणार?"

"भोईरला बोलावतो," साळवी म्हणाले.

"बोलवा. पण तो काम करत असताना तुम्ही वर थांबायचं नाही. तुम्ही त्याच्या डोक्यावर उभे राहिलात तर तोही अर्धा आटा जास्त देईल."

"मग मी कुठे थांबू?"

"इथे या. छत बघा." मग त्या मुलाकडे वळल्या. "पाणी थांबलं तर मी राहते. नाही थांबलं तर तू म्हणशील तेव्हा येते. चालेल?"

प्रशांतने खोकी कपाटाशेजारी ठेवली. परत नेली नाहीत.

त्याच संध्याकाळी साळवींनी सोसायटीच्या वहीतली आपली नोंद खोडून खाली नवी लिहिली. ती मी वाचली आहे. दोन ओळींची आहे आणि तिच्यात कारण दिलेले नाही.

भोईर बुधवारी सकाळी आला. त्या महिन्याच्या अखेरीस मी ठाण्याला राहायला गेलो आणि डोंबिवलीला जाणे पुढे कमी होत गेले, त्यामुळे साळवींना नीट पाहिले असे हे शेवटचेच. वर त्यांच्या बाथरूममध्ये भोईर काम करत होता, काकू घरात होत्या, आणि साळवी गायकवाडबाईंच्या रिकाम्या खोलीत, पलंग होता त्या जागी, खुर्चीवर बसले होते. परका माणूस आपल्या घरात काम करतो आहे आणि आपण तिथे नाही, ही वेळ त्यांच्यावर याआधी आली नसावी. वरून ठोकल्याचा आवाज आला की ते खुर्चीच्या कडेवर येत. आवाज थांबला की जास्तच पुढे येत.

"बसा मागे टेकून," बाई म्हणाल्या.

"एवढा वेळ का लागतोय?"

"तुम्हाला दोन दिवस लागले होते फोडायला."

अकराच्या सुमारास भोईरने खिडकीतून खाली हाक मारली. "काका, झाला. सोडू काय पानी?"

साळवींनी बाईंकडे पाहिले.

"सोडा," बाईंनी वर तोंड करून सांगितले.

भिंतीत पाणी चढल्याचा आवाज आला. दोघेही छताकडे पाहू लागले. गिलावा काढून टाकला होता, सळ्या घासून रंगवल्या होत्या, मधला काँक्रीटचा भाग उघडा होता. पाच मिनिटे गेली, दहा गेली. भोईर खाली येऊन दारात माझ्या शेजारी उभा राहिला आणि तोही वर पाहू लागला. थेंबाचा आवाज चुकू नये म्हणून अर्ध्या तासात कोणीही पंख्याचे बटण लावले नाही.

शेवटी साळवी उठले आणि कोपऱ्यातले स्टूल ओढून मधे आणले. "हात लावून बघतो."

"थांबा," बाई म्हणाल्या. "मी बघते."

त्या साठीच्या पुढच्या होत्या आणि स्टूल उंच होते. प्रशांत असता तर त्याने चढू दिले नसते. त्यांनी पदर खोचला, भिंतीचा आधार घेतला आणि वर चढल्या. साळवींनी दोन्ही हातांनी स्टूल धरले. बाईंनी तळहात छताला लावला आणि तसाच ठेवला. मग दोन वीत पलीकडे, मग भिंतीच्या कोपऱ्याशी.

"काय लागतंय?" साळवींनी खालून विचारले.

"कोरडं आहे."

"कोपऱ्यातपण?"

"कोपऱ्यातपण."

बाई खाली उतरल्या. स्टूल मधोमध रिकामे उभे होते आणि साळवींचे हात अजून त्याच्यावर होते. आम्ही तिघे त्यांच्याकडे पाहत होतो.

"बरं," ते म्हणाले, आणि स्टूल उचलून परत कोपऱ्यात ठेवले.